पाणी हिरवट, अहवाल मात्र चांगला: मुलांना जलाशयात पोहायला न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोहण्यासाठी आणि नौकाविहारासाठी खुला असलेला एक जलाशय आहे. उन्हाळा सरत आला की त्याचं पाणी हिरवट होतं, कधी काठाला तवंग दिसतो. फलकावर मात्र जिवाणू तपासणीचा निकाल ‘पोहण्यास योग्य’ असा लावलेला असतो. सहा आणि दहा वर्षांची दोन मुलं आहेत, दोघांनाही पोहता येतं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की अहवालावर, असं पालकांनी विचारलं आहे.

बावीस वर्षं मी अशाच पोषकद्रव्यांनी भरलेल्या जलाशयांचे नमुने घेते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी थेट उत्तर: मुलांना न्यायला हरकत नाही, पण निर्णय घरून करून निघू नका. काठावर पोचल्यावर, त्या दिवशीचं, त्या जागेचं पाणी पाहून करा. अहवाल खोटा नसतो. तुमच्या मनात आहे त्या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही, इतकंच.

फलकावरचा आकडा बहुधा ई. कोलाय किंवा एन्टरोकोकाय या जिवाणूंचा असतो. माणसांची वा जनावरांची विष्ठा पाण्यात मिसळली आहे का, हे त्यातून कळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ साली गोड्या पाण्यासाठी दिलेली मर्यादा दर १०० मिलिलिटरला सरासरी १२६ ई. कोलाय अशी आहे. युरोपात ‘उत्कृष्ट’ दर्जासाठी ५०० ची मर्यादा आहे, पण ती वेगळ्या पद्धतीने मोजतात: साधारण चार हंगामांचे नमुने एकत्र करून त्यातले ९५ टक्के या आकड्याच्या आत बसायला हवेत. म्हणजे तिथला ‘उत्कृष्ट’ हा शेरा गेल्या चार हंगामांचा असतो, आज सकाळचा नाही. शिवाय जिवाणू वाढवून मोजायला १८ ते २४ तास लागतात. आजचा ताजा निकालसुद्धा कालच्या पाण्याचा असतो. रात्री जोराचा पाऊस झाला, नाले वाहून आले, तर तो निकाल जुना झाला. म्हणूनच मोठ्या पावसानंतर किमान दोन, शक्यतो तीन दिवस पाण्यात उतरू नये असं आम्ही सांगतो. फलकावर काहीही लिहिलेलं असो.

पण तुमचं पाणी हिरवं आहे, आणि हिरव्या रंगाशी ई. कोलायचा संबंध नाही. रंग येतो तो शैवालाने. त्यातलं काही शैवाल निरुपद्रवी असतं, काही विष तयार करतं. विष तयार करणारे हे जीव म्हणजे नील-हरित शैवाल. नावात शैवाल असलं तरी ते खरं तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू. विष्ठेच्या जिवाणूंचा निकाल अगदी स्वच्छ असताना त्याच पाण्यावर सायनोबॅक्टेरियाची दाट साय धरलेली मी अनेकदा पाहिली आहे. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. फलक एकीबद्दलच बोलतो.

आता वाऱ्याबद्दल सांगते. या सगळ्या विषयात सर्वांत कमी बोललं जातं ते वाऱ्याबद्दल.

मायक्रोसिस्टिस नावाच्या सायनोबॅक्टेरियाच्या पेशींमध्ये वायूने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर तो पाण्यात वर-खाली होतो. वारा वाहत असेल तर पाणी घुसळलं जातं आणि पेशी वरच्या काही मीटरमध्ये पसरून राहतात. तेव्हा पाणी नुसतं हिरवट दिसतं. एखादी रात्र वारा पडला की पेशी वर येऊन पृष्ठभागावर जमतात. समजा वरच्या चार मीटरमध्ये पसरलेल्या पेशी वरच्या चार सेंटिमीटरमध्ये आल्या. शंभरपट दाट झाल्या. मग सकाळी हलकी झुळूक सुटली, पाणी घुसळण्याइतकी जोराची नाही, पण वरचा थर सरकवण्याइतकी. शंभर मीटर रुंदीवरचा तवंग ढकलला जाऊन काठाशी दहा मीटरच्या पट्ट्यात गोळा झाला. आणखी दहापट. बारा तासांत, एकही नवी पेशी जन्माला न येता, हजारपट दाटी.

या हजारपटीचा अर्थ मुलाच्या अंगाने पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पोहण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन या, मायक्रोसिस्टिससारखे जीव तयार करतात त्या, यकृतावर परिणाम करणाऱ्या विषाची मर्यादा लिटरला २४ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. ती ठरवताना डोळ्यांसमोर पंधरा किलो वजनाचं मूल होतं, आणि ते पोहताना पाव लिटर पाणी गिळेल असं धरलं होतं. म्हणजे त्या मुलासाठी हिशेब होतो सहा मायक्रोग्रॅमचा. आता जलाशयाच्या मध्यावरचं प्रमाण लिटरला पाच मायक्रोग्रॅम आहे असं धरा. मर्यादेच्या कितीतरी आत. पण तेच पाणी काठाशी हजारपट दाटलं तर पाच हजार होतं, आणि मुलाचे सहा मायक्रोग्रॅम सव्वा मिलिलिटरमध्ये भरतात. पाव चमचा. तवंगात एकदा तोंड बुडलं तरी पाव चमच्याहून जास्त आत जातं. ही मर्यादा ठरवताना शंभरपटीची सुरक्षेची जागा राखलेली आहे, त्यामुळे सहा ओलांडले की लगेच काही होतं असं नाही. पण मर्यादेच्या दहापट, वीसपट आत जायला दोन-तीन घोट पुरतात हे लक्षात ठेवा. आणि मुलं पाणी गिळतातच. पोहण्याच्या तलावात पाऊण तास पोहलेल्या लोकांवर झालेल्या एका अभ्यासात मोठ्यांनी सरासरी १६ मिलिलिटर आणि मुलांनी ३७ मिलिलिटर पाणी गिळल्याचं दिसलं होतं.

एका जलाशयावरचा प्रसंग सांगते. मी नवीन होते. नियमाप्रमाणे आम्ही नावेतून, धरणाच्या भिंतीजवळ खोल पाण्यातून नमुना घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी होत्या, पण काळजी करण्याएवढ्या नव्हत्या. परतताना एका वळणाआडच्या उथळ खाडीसारख्या भागात कडेने नाव नेली. तिथलं पाणी रंगाचा डबा सांडावा तसं होतं. वल्हं बाहेर काढलं तर त्याला हिरवा लेप बसलेला. काठाच्या दगडांवर वाळलेल्या पापुद्र्याला निळसर पांढरी झाक आली होती. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं निळं रंगद्रव्य बाहेर पडतं, त्याची ती झाक. ताज्या तवंगाला कापलेल्या गवतासारखा वास येतो. तिथे मात्र सडल्याचा दर्प होता, म्हणजे साय दोन-तीन दिवस तिथेच अडकून होती. आणि त्याच खाडीत, उथळ आणि सुरक्षित म्हणून, लहान मुलांना डुंबायला आणलं जात असे. आमचा नमुना खरा होता, अहवालही खरा होता. तो खाडीचा नव्हता. तेव्हापासून मी नमुना आधी लोक उतरतात तिथून घेते, मग मध्यावरून.

म्हणून पहिली सवय ही लावा: गाडीतून उतरल्यावर वारा कुठून कुठे वाहतो आहे ते पाहा. ज्या काठाकडे वारा पाणी ढकलतो आहे, तो काठ टाळा. कोपरे, वळणं, धक्क्याच्या आडच्या जागा, नावा बांधतात तिथलं संथ पाणी, हेही टाळा. शांत रात्रीनंतरच्या सकाळी विशेष सावध राहा. दुपारी वारा वाढला की तवंग विरून जातो आणि पाणी बरं दिसू लागतं, पण पेशी तिथेच असतात, फक्त पसरलेल्या. दुपारच्या त्या पाण्यात मोठ्या माणसाने डोकं वर ठेवून पोहायला मी सहसा हरकत घेत नाही. लहान मुलाच्या बाबतीत घेते.

दुसरी सवय गुडघ्याची. मोठ्या माणसाने गाळ न ढवळता, हळूहळू, गुडघाभर पाण्यात जायचं आणि खाली पाहायचं. स्वतःची पावलं दिसतात का? पाणी हिरवं आहे आणि पावलं दिसत नाहीत, तर मुलांना पाण्यात सोडू नका. हा घरगुती तोडगा नाही, आमच्या क्षेत्रातली जुनी, मान्य खूण आहे. गुडघ्याएवढ्या खोलीवर पावलं दिसेनाशी होण्याइतकं शैवाल पाण्यात असेल, तर विषाचं प्रमाण मर्यादेच्या आसपास वा पुढे असण्याची शक्यता पुरेशी मोठी असते. पाणी तपकिरी गढूळ असेल तर कारण गाळ असू शकतो. मग ही खूण शैवालाबद्दल काही सांगत नाही, पण दुसऱ्या एका धोक्याबद्दल सांगते. त्याकडे येतेच.

हिरवेपणा कशाचा हे ओळखायला दोन सोप्या गोष्टी करता येतात. एक काडी. पाण्यावरच्या हिरव्या थरात काडी घालून उचला. केसांसारखे लांब, चिवट धागे लोंबले तर ते बहुधा साधं तंतुमय शैवाल. किळसवाणं वाटतं, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. काडीला रंग लावल्यासारखा लेप बसला तर सायनोबॅक्टेरियाची शंका घ्या. दुसरी बरणी. हातमोजे घालून काचेच्या बरणीत तीन-चतुर्थांश पाणी भरा, झाकण लावा आणि रात्रभर न हलवता थंड जागी ठेवा. सकाळी बरणी न ढवळता, समोरून पाहा. हिरवा थर तळाला बसला असेल तर साधं शैवाल असण्याची शक्यता जास्त. थर वर, काचेच्या कडेने कडं करून तरंगत असेल तर तरंगणारे सायनोबॅक्टेरिया. या दोन्ही चाचण्यांतून विष आहे की नाही ते कळत नाही. एकाच जातीचे काही वंश विष करतात, काही करत नाहीत, आणि ते डोळ्यांना, सूक्ष्मदर्शकालाही, सारखेच दिसतात. शिवाय सगळेच सायनोबॅक्टेरिया तरंगत नाहीत. तेव्हा थर वर आला तर ‘नको’ म्हणा. वर आला नाही म्हणून लगेच ‘चालेल’ म्हणू नका.

काही जाती तळाच्या दगडांवर काळपट, तपकिरी, मखमली चटईसारख्या वाढतात. पाणी अगदी नितळ असतानाही. त्यांचे तुकडे सुटून काठाला लागतात. अशा चटयांतून येणारं ॲनाटॉक्सिन मज्जासंस्थेवर फार वेगाने काम करतं, आणि न्यूझीलंडमध्ये नद्यांकाठी कुत्रे मरण्याच्या घटना यामुळेच घडल्या आहेत. कुत्र्यांना त्या वासाची ओढ असते, आणि अंगाला लागलेला तवंग ते चाटून काढतात. तुमचा कुत्रा बरोबर असेल तर त्याला तवंगाजवळ सोडू नका, चुकून गेलाच तर अंग चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा. रांगणाऱ्या, काठाला खेळणाऱ्या लहान मुलांनाही हेच लागू. ती हातात येईल ते तोंडात घालतात.

हे सगळं वाचून भीती वाटावी असा हेतू नाही. पोहणाऱ्यांना होणारे त्रास बहुतेक वेळा अंगावर पुरळ, डोळे चुरचुरणं, घसा धरणं, मळमळ, जुलाब असे असतात आणि एक-दोन दिवसांत ओसरतात. डोळे चुरचुरण्याचं एक कारण तर विषही नसतं: दाट शैवाल दिवसभर पाण्यातला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) ९ च्या वर जातो, म्हणजे ते अल्कधर्मी होतं. पण गंभीर घटना घडलेल्या आहेत. १९८९ साली इंग्लंडमधल्या रडयार्ड जलाशयावर मायक्रोसिस्टिसचा दाट बहर असताना सैन्यातल्या प्रशिक्षणार्थींनी होड्या उलटवून पुन्हा सरळ करण्याचा सराव केला. त्यांच्यातले अनेक जण आजारी पडले आणि दोघांना न्यूमोनिया झाला. त्याच वर्षी रटलंड वॉटर या मोठ्या जलाशयाच्या काठी मेंढ्या आणि कुत्रे मेले. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यातून मायक्रोसिस्टिन थेट रक्तात गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. तो मार्ग पोहणाऱ्याचा नव्हे, पण विषाची ताकद किती हे त्यातून कळतं. रडयार्डच्या घटनेतून मी एक गोष्ट घेतली: तोंड पाण्याखाली जाणारे, पाणी उडवणारे खेळ, म्हणजे होडी उलटवणं, पाणघसरण (वॉटर स्कीइंग), सूर मारणं, यांत धोका साध्या पोहण्यापेक्षा जास्त. नुसतं वल्हवत जाणाऱ्याला तो बराच कमी.

आता तो दुसरा धोका, आणि मला विचाराल तर पहिला. अशा जलाशयावर मुलाचा जीव जाण्याची शक्यता विषापेक्षा बुडण्याने कितीतरी जास्त आहे, आणि हिरवं किंवा गढूळ पाणी हे बुडण्याचं मोठं कारण आहे. नितळ पाण्यात खाली गेलेलं मूल दिसतं. हिरव्या पाण्यात ते हातभर खाली गेलं की दिसत नाही. शेजारी उभ्या असलेल्या बापालाही नाही आणि जीवरक्षकालाही नाही. शोधायला लागणारी दोन-चार मिनिटंच जीव घेतात.

आम्ही पारदर्शकता मोजतो ती सेकी तबकडीने. वीस सेंटिमीटर व्यासाची, पांढरी किंवा काळ्या-पांढऱ्या चौकटींची तबकडी दोरीने सोडायची आणि दिसेनाशी होईल ती खोली लिहायची. आंजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात ती वापरली, आणि आजही इतकं स्वस्त आणि इतकं खरं बोलणारं दुसरं साधन माझ्या पेटीत नाही. युरोपच्या १९७५ सालच्या पोहण्याच्या पाण्याविषयीच्या निर्देशात किमान एक मीटर पारदर्शकतेची अट होती. २००६ च्या नव्या निर्देशात ती राहिली नाही, आणि ते मला चुकीचं वाटतं. जिवाणूंच्या आकड्याइतकाच हा आकडाही फलकावर असायला हवा. तुमच्या जलाशयाच्या व्यवस्थापनाकडे त्याची मागणी करा. रोज सकाळी दोन मिनिटांत मोजून लिहिता येतो.

पाणी एक मीटरपेक्षा कमी नितळ असेल, तर मुलं हाताच्या अंतरावर हवीत. काठावर बसून लक्ष ठेवणं पुरत नाही. भडक केशरी किंवा पिवळी टोपी घाला. निळी-हिरवी घालू नका. चांगलं पोहता येणाऱ्या मुलालाही अंगाला बसणारं जीवरक्षक जाकीट घाला. हवा भरायच्या बाहुपट्ट्यांवर आणि रबरी खेळण्यांवर भिस्त ठेवू नका, वारा ती मुलासकट खोल पाण्यात नेतो.

आणि जलाशय हा नैसर्गिक तलाव नाही. तिथे एके काळी जमीन होती: उतार, बांध, भिंती, झाडांचे बुंधे, कुंपणाच्या तारा. पाण्याची पातळी आठवड्यागणिक बदलते. गेल्या महिन्यात जिथून सूर मारला, तिथे आज दीड मीटर पाणी कमी असेल आणि हिरव्या पाण्यातून तळ दिसणार नाही. मानेचा मणका मोडण्याच्या घटना अशाच होतात, तेव्हा अपारदर्शक पाण्यात सूर नकोच. पायांनी, हळू उतरा. धरणाची भिंत, पाणी सोडायचा मनोरा, विमोचक (पाणी बाहेर सोडण्याची वाट) आणि सांडवा यांच्यापासून खूप लांब राहा. दरवाजे न सांगता उघडू शकतात आणि खालची ओढ वरून दिसत नाही.

थंडाव्याचाही विचार करा. उन्हाळ्यात जलाशयाचे थर पडतात. वरचं पाणी कोमट आणि हलकं, खालचं थंड आणि जड. काही मीटर खाली गेलं की दहा-बारा अंशांचा फरक पडू शकतो. सूर मारणारा किंवा बुडी घेणारा अचानक त्या थरात शिरला की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि हा श्वास पाण्याखाली असताना घेतला गेला तर पुढचं सांगायला नको. काठावरचं कोमट पाणी पाहून खोल पाण्याचा अंदाज बांधू नका.

बाकीचे धोके झपाट्याने सांगते. पाणवनस्पती दाट असतील तिथे पाय गुंततात. गुंतले तर झटके देऊ नका, पाठीवर पडून हळूहळू सोडवा. बदकं आणि गोगलगायी भरपूर असतील तर पोहून आल्यावर अंगावर खाजरे फोड येऊ शकतात, कारण पक्ष्यांवर जगणाऱ्या एका कृमीची पिल्लं चुकून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. बाहेर येताच अंग खसखसून पुसलं तर त्रास कमी होतो. उघडी जखम असेल तर पाण्यात जाऊ नका, लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचा मार्ग तोच आहे. पाणी फार गरम आणि उथळ असेल तर नाकात पाणी जाऊ देऊ नका, तळचा गाळ ढवळू नका. नेग्लेरिया हा अमीबा फार क्वचित गाठतो, पण गाठला तर बहुधा जीव घेतो, आणि तो नाकावाटेच शिरतो. मेलेले मासे किंवा पक्षी दिसले तर हात लावू नका, आणि त्या दिवशी पाण्यात उतरू नका. घरात कुणाला जुलाब झाले असतील तर त्याने थांबल्यावरही दोन आठवडे सार्वजनिक पाण्यात जाऊ नये. हे इतरांच्या मुलांसाठी.

पाणी दर वर्षी हिरवं का होतं, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी फॉस्फरस हेच आहे. १९७३ मध्ये कॅनडात सरोवरांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या सरोवराचे मधोमध पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच नितळ राहिला. विमानातून घेतलेलं ते छायाचित्र शेकडो पानांच्या वादाला पुरून उरलं. लिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या वर एकूण फॉस्फरस गेला की पाणी सुपोषित, म्हणजे पोषकद्रव्यांनी वाजवीपेक्षा जास्त भरलेलं, समजतात. तो येतो शेतातून, सांडपाण्यातून, गळक्या शोषखड्ड्यांतून, आणि वर्षानुवर्षं तळच्या गाळात साठतो. उन्हाळ्यात थर पडले की तळाशी प्राणवायू संपतो, आणि लोहाला चिकटून बसलेला फॉस्फरस पुन्हा सुटतो. त्यामुळे आज सगळे नाले बंद केले तरी पाणी पुढची काही वर्षं हिरवं राहू शकतं. लोक निराश होतात, त्यांना हे आधीच सांगितलेलं बरं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन सरोवरातून १९६० च्या दशकात सांडपाणी वळवलं आणि काही वर्षांत पाणी उल्लेखनीय नितळ झालं. तिथे पाणी खोल आणि तळ फारसा भरलेला नव्हता. उथळ, गाळाने भरलेल्या जलाशयाला जास्त वेळ लागतो. गाळातला फॉस्फरस बांधून ठेवायला तुरटीसारखी ॲल्युमिनियमची क्षारद्रव्यं किंवा लँथेनम हा धातू मिसळलेली माती वापरतात. ते काम तज्ज्ञांचं आहे, कारण सामू बिघडला तर मासे मरतात.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका: शैवालाचा बहर ऐन जोरात असताना मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकणं. पेशी मरतात, पाणी दोन दिवसांत स्वच्छ दिसतं, लोक खूश होऊन उतरतात. पण पेशी फुटताना त्यांच्यातलं सगळं विष पाण्यात मोकळं होतं आणि तवंग गेल्यामुळे धोका दिसतही नाही. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या धरणात असंच झालं. शंभराहून अधिक लोक, बहुतेक मुलं, रुग्णालयात गेली. जलाशयावर असा उपाय झाल्याचं कळलं तर पाणी नितळ दिसलं तरी विषाची प्रयोगशाळेतली तपासणी होईपर्यंत थांबा. आणि पाणी उकळून विष जात नाही, हेही सहलीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. तिथल्या पाण्यावर स्वयंपाक करू नका.

मुलं पाण्यातून बाहेर आली की लगेच स्वच्छ पाण्याने अंग धुवा, पोहण्याचे कपडे बदला. तवंगाचे कण कपड्यात अडकतात आणि कातडीला तासन्‌तास घासत राहतात, पुरळ कपड्याच्या कडांखालीच का उठतं याचं ते कारण. खाण्याआधी हात धुवा. पुढचे दोन-तीन दिवस उलट्या, जुलाब, ताप, खोकला, अंगावर चट्टे यांकडे लक्ष ठेवा. मूल सुस्त झालं, तोंडाभोवती मुंग्या येतात म्हणालं, हातपाय लटपटले किंवा डोळे पिवळे दिसले तर वाट पाहू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘पोहून आलो’ एवढंच सांगू नका. पाणी हिरवं होतं, तवंग होता, कधी आणि कुठल्या काठाला उतरलो, किती पाणी गिळलं असेल, हे सांगा. त्या काठाचं एक छायाचित्र फोनमध्ये असेल तर ते दाखवा, आणि तेच छायाचित्र जलाशयाच्या व्यवस्थापनालाही पाठवा, म्हणजे पुढचा नमुना तिथून घेतला जाईल.